पेन्सिल न लावता थेट रंगाने पोर्ट्रेट: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (जळगाव): आजोबांना समोर बसवून ऑइलमध्ये पोर्ट्रेट करतोय. कॅनव्हास 16 × 20 इंची. आधी पेन्सिलने काढलं की रेषा जपत रंग भरला जातो आणि चेहरा ताठ होतो. थेट ब्रश लावला तर डोळे वर सरकतात, गालांवर रंग मिसळून मळकट चिखल होतो. काय चुकतंय?

उत्तर (धुळे): आजोबा टोपी घालतात का? मग डोळे वर सरकण्याचं कारण तेच. टोपीच्या आतलं डोकं हिशेबात धरलं जात नाही. माथा ते हनुवटी हे अंतर घ्या, डोळे त्याच्या साधारण मध्यावर येतात.

बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे ऑइल रंग पातळ करायच्या द्रवात, चहाइतका पातळ करा, जवसाचं तेल अजिबात नको. 8 नंबरच्या फ्लॅट हॉग ब्रशने (डुकराच्या राठ केसांचा चपटा ब्रश) फक्त चार खुणा करा: माथा, हनुवटी, दोन बाजू. डोकं आठ इंचांच्या आत ठेवा. मग डोळे किलकिले करून बघा. डोळ्यांची खोबणी, नाकाची बाजू, गालाखालची आणि मानेवरची सावली एकमेकींत मिसळलेली दिसेल. ती एकच सलग आकार म्हणून भरा. पापण्या, ओठ काही काढू नका. आकार चुकला तर सुती चिंधीने पुसा, कपाळ आणि नाकाचा उजेडही पुसूनच काढा. रेखाटन इथेच होतं, म्हणून या टप्प्याला घाई नको. अर्धा तास गेला तरी चालेल.

उत्तर (भुसावळ): चिखलाबद्दल. ओल्या अंबरवर पांढरा मिसळलेला रंग फिरवला की तो राखाडी होतोच. उजेडाची जागा कोरी पुसलेली हवी. सावलीला एक ब्रश, उजेडाला दुसरा. सावलीत पांढरा घालू नका, खडूसारखी दिसते. बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरतो. उजेडाला यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी लाल), टिटॅनियम व्हाइट (पांढरा). ठिपका ठेवला की ब्रश उचला, घोटू नका.

आपल्याकडे मे महिन्यात टर्पेंटाइन बघता बघता उडतं आणि अंबर पुसला जात नाही. चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवून घ्या, कॅनव्हासवर कूलरचा झोत नको. टर्पेंटाइनच्या भांड्यावर झाकण ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. म्हाताऱ्या माणसाला तो वास सोसत नाही.

प्रश्नकर्ता: टोपी आहेच! ओठ कधी घ्यायचे?

उत्तर (धुळे): गाल आणि हनुवटीचे टोन (उजेड-सावलीच्या छटा) बसल्यावर. आधी दोन ओठांमधली गडद फट, मग खालच्या ओठाखालची सावली. खालच्या ओठाला बाहेरून रेघ मारू नका.