अंगणातलं तळं आणि नातवंडं: सल्ला हवा आहे

कुमुदिनी: कुडाळजवळ आमचं घर आहे. मागच्या अंगणात जांभ्याने बांधलेलं आठ बाय पाच फुटांचं तळं आहे, दोन फूट खोल. मे महिन्यात लेक येतेय, सोबत दोन वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. जावई म्हणतात, बुजवून टाका. माझं मन होत नाही, पण काळजीही वाटते. कुणी काही उपाय केलाय का?

जांभळाखाली: ताई, बुजवू नका, पण मुलं यायच्या आधी जाळी बसवाच. ‘आम्ही लक्ष ठेवू’ यावर भिस्त नको. एवढं लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि बहुतेक वेळा आवाजसुद्धा होत नाही.

फॅब्रिकेटरकडून ८ मिमी सळईची जाळी करून घ्या, चौकोन ८ सेंमीपेक्षा मोठे नकोत. मधे अँगलचा आधार द्या आणि कडा बोल्टने पक्क्या करा. मोठ्या माणसाने उभं राहिलं तरी वाकता कामा नये. पानं अडवायची नायलॉनची जाळी यासाठी अजिबात चालणार नाही, मूल तिच्यात गुरफटतं.

जाळी पाण्याच्या वर राहिली पाहिजे, हे फॅब्रिकेटरला बजावून सांगा. आपल्याकडे पावसात तळं एका रात्रीत काठोकाठ भरतं. जाळीवर चार बोटं पाणी चढलं की ती असून नसल्यासारखीच. म्हणून जाळीच्या खाली चार इंच अंतरावर भिंतीला भोक पाडून पाइप काढा, जादा पाणी माडाच्या आळ्यात सोडा. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर पानं अडकून तुंबतो.

कुमुदिनी: पाइपचं डोक्यातच आलं नव्हतं! पण जाळीने शोभा जाईल का? आणि नातवाला पाण्यात हात घालायचाच असतो.

जांभळाखाली: काळा रंग द्या, लांबून नजरेत येत नाही. कमळाची पानं चौकोनांतून वर येतात.

चतुर_बघा: नातवासाठी जाळीत एका कडेला हातभर झडप ठेवा, कुलूप लावून. किल्ली मोठ्यांकडे, आणि झडप उघडी असेपर्यंत मोठं माणूस शेजारी बसलेलं.

चहाची गाळणी आणि पांढरी ताटली द्या. ताटलीत थोडं पाणी घेऊन तळाचा गाळ हळूच ढवळून गाळणीने आणायचा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग काडीसारखं काहीतरी चालायला लागतं. ती चतुराची अळी! तिचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, भक्ष्य जवळ आलं की झटकन पुढे येतो. भिंगातून बघायला मुलं तहानभूक विसरतात. जून-जुलैत आले तर बेडूकमासेही दिसतील. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. बघून झालं की सगळं परत तळ्यात. हातावर जखम असेल तर पाण्यात घालू देऊ नका, नंतर साबणाने हात धुवायचेच. पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते.

माडाची_बाग: डासांचं विसरू नका. गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर बऱ्याचदा मिळतात. ओढ्यात मात्र सोडू नका. गोल्डफिश नकोत, बेडकांची अंडी खातात. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, बघता बघता तळं झाकून टाकते. आणि बेडकांमागे पाणदिवड आली तर मारू नका, बिनविषारी असते, पण चावते. मुलांना सांगून ठेवा, साप कुठलाही दिसो, आधी मागे सरकायचं आणि मोठ्यांना हाक मारायची.

कुमुदिनी: उद्याच फॅब्रिकेटरला माप घ्यायला बोलावते. जाळी बसेपर्यंत मागच्या दाराला वरची कडी लावू ना?

जांभळाखाली: हो, आणि ती कडी जाळी बसल्यावरही राहू द्या.