मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलीसाठी फोटो एडिटिंगचे सोपे सॉफ्टवेअर

नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे आणि नुसती चित्रे काढण्यापेक्षा तिला आता फोटोंमध्ये फेरफार करण्यात जास्त रस वाटू लागला आहे. शेजारच्या मांजराचा फोटो कापून किल्ल्याच्या बुरुजावर बसवायचा, वर मराठीत दोन ओळी लिहायच्या आणि तो आजीला पाठवायचा, असे तिचे उद्योग चालू असतात. यासाठी कोणते सॉफ्टवेअर योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घरचा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा असून त्यावर विंडोज १० आहे. ती त्यावर बसते तेव्हा इंटरनेट बंद असते आणि ते तसेच ठेवायचे आहे. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारे किंवा खाते उघडायला लावणारे पर्याय आम्हाला चालणार नाहीत.

आतापर्यंत ती टक्स पेंट वापरत आली आहे. २००२ साली सुरू झालेले हे मोफत सॉफ्टवेअर लहान मुलांसाठी आजही उत्तम आहे, असे माझे मत आहे. मोठमोठी बटणे, शिक्के, गमतीशीर आवाज आणि सेव्ह करताना फाइलचे नाव विचारून मुलाला अडवायचे नाही, ही त्याची पद्धत मोठ्यांच्या सॉफ्टवेअरनेही उचलावी अशी आहे. पण ते मुळात चित्रे काढण्यासाठीच बनवलेले आहे. चित्र उघडायला गेले की त्यातच काढलेली चित्रे समोर येतात, आणि बाहेरचा फोटो हवा असेल तर आधी तो ठरावीक फोल्डरमध्ये नेऊन ठेवावा लागतो. तिची खरी गरज लेयरची आहे, म्हणजे मांजर सरकवले तरी खालचा बुरुज जागच्या जागी राहायला हवा. विंडोज ११ मधल्या पेंटला २०२३ मध्ये लेयर आणि पार्श्वभूमी काढून टाकण्याची सोय मिळाली, परंतु आमच्या विंडोजवरच्या पेंटमध्ये ती नाही.

गिंप हे फोटो एडिटिंगचे मोफत सॉफ्टवेअर घालून पाहिले. त्यात काय नाही, असा प्रश्न पडतो, आणि नेमकी तीच मुलांच्या दृष्टीने अडचण आहे. सेव्ह केले की फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या स्वरूपात साठते. जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर वेगळे एक्स्पोर्ट करावे लागते. एक्ससीएफमध्ये लेयर शाबूत राहतात, हे कारण मला पटते, पण आजीच्या फोनवर चित्र उघडत नाही म्हणून खट्टू झालेल्या मुलीला ते पटवून देणे कठीण आहे. क्रिटाही मोफत आणि चांगले आहे, मात्र त्याचा भर डिजिटल चित्रकलेवर आहे आणि आमच्या लॅपटॉपला ते पेलेल असे वाटत नाही.

म्हणून सध्या माझा कल पेंट डॉट नेट या विंडोजवर चालणाऱ्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरकडे आहे. त्यात लेयर आहेत, जादूच्या कांडीने (मॅजिक वँड या साधनाने) एकसारख्या रंगाचा भाग निवडता येतो, आणि केलेली प्रत्येक कृती हिस्टरीच्या छोट्या खिडकीत ओळीने दिसत असल्यामुळे चुकले तर नेमक्या त्या पायरीवर परत जाता येते. एक उणीव मात्र खटकते: लिहिलेला मजकूर एकदा पक्का झाला की तो चित्राचाच भाग बनतो, मग शुद्धलेखनाची चूक सुधारण्यासाठी सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते.

ज्यांच्या घरी या वयाची मुले पेंट डॉट नेट वापरतात, त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, ४ जीबी रॅमवर मोबाइलचे मोठे फोटो घेऊन दोन-तीन लेयर केले, तर ते अडखळते का? दुसरी गोष्ट देवनागरीची. एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिले, तेव्हा रफार सुटा पडला, ‘दि’ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि ‘च्छा’चा पाय मोडका दिसू लागला. युनिकोड फॉन्ट वापरून जोडाक्षरे नीट उमटतात का, हे कोणी प्रत्यक्ष लिहून पाहिले असल्यास फॉन्टच्या नावासह कळवावे. याहून सोपा पर्याय कोणाला माहीत असेल तर तोही अवश्य सुचवावा, फक्त तो इंटरनेटशिवाय चालणारा असावा.