प्रतिसाद: जमिनीवरच्या खुणांशिवाय तुलना नको

जुन्या वास्तूभोवती दरवर्षी ड्रोन फिरवून फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल केलं की तिची भिंत किती झुकली ते कळतं, हा मूळ लेखातला मुद्दा पटला. पण साध्या ड्रोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज असते. दोन वर्षांची मॉडेलं नुसती एकमेकांवर ठेवली तर अख्खी वास्तूच जागची हललेली दिसेल! म्हणून आसपासच्या पक्क्या जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणा लावून त्यांची जागा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) मोजायलाच हवी, आणि मॉडेल त्या खुणांवर बसवायला हवं. त्यातल्या काही खुणा मॉडेल बनवताना वापरायच्या नाहीत, पडताळणीसाठी राखून ठेवायच्या. ही पडताळणी बरेच जण टाळतात, आणि तिथेच घात होतो.

उड्डाणाला ढगाळ दिवस बरा, कोरीव कामात गडद सावल्या पडत नाहीत. मात्र कोनाड्यांत पक्ष्यांची घरटी असतील तर कृपया तो हंगाम जाऊ द्या.