मदत हवी आहे: दुसरी-तिसरीच्या मुलांना खडकांचे प्रकार कसे दाखवायचे?

टेकडी: पंचवीस मुलं, दोन तासिका. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही नावं नुसती पाठ करून घ्यायची नाहीत, दगड हातात देऊन तो कसा बनला ते कळायला हवं. पण पुण्याच्या आसपास कुठूनही दगड उचला, काळाच निघतो. नमुने कुठून आणावेत? क्रेयॉन वितळवून रूपांतरित खडक 'बनवायचा' प्रयोग बरोबर आहे का?

गारगोटी: तो सगळा बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातून तो बनला. भोकं असलेला तुकडा नक्की घ्या: लाव्हातले वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते. बाकीचे नमुने फरशीच्या दुकानात मिळतील, कापून उरलेले तुकडे टाकूनच देतात. शहाबादी (चुनखडक, म्हणजे स्तरित), लाल वालुकाश्म (हाही स्तरित), पांढरा मार्बल (रूपांतरित) आणि गुलाबी किंवा करडा ग्रॅनाइट (अग्निजन्य) मागा. काळा ग्रॅनाइट नको, त्या नावाने बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो हे वेगळेच काळे अग्निजन्य खडक विकतात. एक बाजू पॉलिश न केलेली हवी. जुनी दगडी पाटी मिळाली तर सोन्याहून पिवळं! चिखलापासून बनलेला शेल नावाचा स्तरित खडक दाबाने आणि उष्णतेने बदलून पाटीचा दगड होतो, म्हणजे रूपांतरित.

कडप्पा (हाही चुनखडकच) आणि बेसॉल्ट दोन्ही काळे, मुलं हमखास फसतात. खिळ्याने ओरखडून थोडी भुकटी काढा, वर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहा. कडप्प्यावर बारीक बुडबुडे येतात, बेसॉल्टवर येत नाहीत. बेसॉल्टवर आलेच तर त्याच्या पोकळीत कॅल्साइट (चुनखडकातलंच खनिज) असेल किंवा वर चुन्याचं पुट असेल. ताज्या फुटलेल्या बाजूवर परत करा. मार्बलही फसफसतो, पण डोलोमाइट या मॅग्नेशियमयुक्त खनिजाचा असेल तर अगदीच मंद. घरच्या फरशीवर करू नका, डाग कायमचा राहतो. टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड तर मुलांच्या आसपासही नको.

सह्यकडा: क्रेयॉन वितळवू नका, खरी चूक तिथेच होते. रूपांतरित खडक घन असतानाच बदलतो. वितळून पुन्हा थिजला तर तो अग्निजन्य झाला. तीन रंगांचा कीस फॉइलमध्ये थरांनी भरा आणि तळहाताने दाबा: हा झाला गाळाचा थर. मग पुडी घट्ट मिटून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा आणि जाड पुस्तकाखाली दाबा. रंग चपटे, लांबट झाले पाहिजेत. ते एकमेकांत मिसळून एकच रंग झाला, तर पाणी जास्त गरम होतं.

नुसत्या दाबाने वाळूचा दगड होत नाही, कण चिकटवणारं काहीतरी लागतं. सहा चमचे कोरडी वाळू, एक चमचा फेव्हिकॉल, एक चमचा पाणी कालवून कागदी कपात दाबा. थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आत ओला राहतो आणि कप सोलताना ढासळतो. तळाला टाचणीने भोकं पाडा, दोन-तीन दिवस वाळू द्या.

ग्रॅनाइटचे दाणे मोठे आणि बेसॉल्टचे बारीक का, याचं उत्तर तुरटीत आहे. १०० मिली गरम पाण्यात ४० ग्रॅम तुरटी विरघळवा (हे मोठ्यांनी करायचं) आणि गाळा. अर्धं पाणी बर्फात ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत ओता, अर्धं टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या काचेच्या ग्लासात. ग्लास दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचा नाही. वाटीत झटकन थंड होऊन बारीक चुरा जमतो, जसा जमिनीवर पसरलेला बेसॉल्ट; ग्लासात हळूहळू थंड होऊन मोठे स्फटिक, जसा जमिनीखाली खोल थिजलेला ग्रॅनाइट. इथे स्फटिक पाण्यातून येतात, वितळलेला खडक मात्र स्वतःच थिजतो, एवढं मुलांना सांगा.

टेकडी: खूप उपयोगी, आभार! कोकणातून कुणी जांभा आणला तर तो कोणत्या गटात?

गारगोटी: या तिन्हींत ओढून बसवू नका. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी खडक जागेवरच कुजून, विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. त्याचीही भोकं दिसतात, म्हणून मुलं त्याला लाव्हा म्हणतील. बेसॉल्टचा भोकांचा तुकडा शेजारी ठेवा: त्याची भोकं सुटी, गोलसर असतात, जांभ्याची वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली.