राज्यांचे कायदे नेमके कोण घडवते: पक्ष, दबावगट की माध्यमे?

प्रश्न

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात राजकीय पक्ष, दबावगट आणि माध्यमे ही तीन प्रकरणे स्वतंत्रपणे येतात, आणि जे प्रकरण वाचावे त्यातला घटकच सर्वांत प्रभावी असल्यासारखे वाटते. सध्या मी अमेरिकेतील घटक राज्यांचा अभ्यास करत आहे. वीज, विमा, शाळा, मतदारसंघांची आखणी असे रोजच्या जगण्याला भिडणारे बरेचसे निर्णय तेथे राज्यांच्या विधिमंडळांत होतात, तरीही चर्चा मात्र वॉशिंग्टनचीच होते. या तिघांपैकी एकाचे बळ वाढले की इतर दोघांचे काय होते, हे कोणी प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगावरून समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

ओहायो राज्यातील ‘हाउस बिल ६’ हे प्रकरण अवश्य अभ्यासा, कारण त्यात तिन्ही घटक एकाच साखळीत गुंफलेले दिसतात. २०१९ मध्ये संमत झालेल्या या कायद्यात दोन अणुवीज केंद्रांना तगवण्यासाठी वीजग्राहकांच्या बिलांवर अधिभार लावण्याची तरतूद होती. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून सुमारे ६ कोटी डॉलर कागदोपत्री समाजकल्याणासाठी काढलेल्या एका संस्थेमार्फत राज्यातील रिपब्लिकन नेते लॅरी हाउसहोल्डर यांच्या गटाकडे वळवले गेले, त्यातून त्यांच्या बाजूचे उमेदवार उभे राहिले, त्या बळावर ते राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे (विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे) अध्यक्ष झाले आणि मग त्यांनी हा कायदा पुढे रेटला, असे खटल्यात सिद्ध झाले. कायद्यावर सार्वमत घेण्यासाठी विरोधक सह्या गोळा करू लागले, तेव्हा राज्याची वीजव्यवस्था चीन ताब्यात घेईल अशी भीती घालणाऱ्या जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकल्या. हाउसहोल्डर यांना जुलै २०२० मध्ये अटक झाली आणि २०२३ मध्ये २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

पक्षाने दबावगटाला आवर घालावा अशी आपली अपेक्षा असते; येथे पक्षांतर्गत नेतृत्वाची लढाईच त्या गटाच्या पैशावर लढली गेली, मग आवर घालणार कोण?

प्रतिसाद २

वरील प्रकरण महत्त्वाचे आहे, पण ते लाचखोरीचे आहे. त्यामुळे गुन्हा घडल्याशिवाय दबावगटांचे काही चालत नाही असा समज होऊ शकतो, आणि तो मला अधिक घातक वाटतो. टेक्सासचे विधिमंडळ नियमित अधिवेशनासाठी दोन वर्षांतून एकदाच, जास्तीत जास्त १४० दिवस भरते, आणि सदस्यांचे वेतन महिना ६०० डॉलर आहे. ज्या सदस्याला पोटासाठी दुसरा व्यवसाय करावा लागतो आणि ज्याच्याकडे अभ्यासासाठी पुरेसे सहायक नसतात, तो विधेयकाचा मसुदा आणणार कोठून? अशा ठिकाणी तयार मसुदा घेऊन येणारा गट कायदेशीर मार्गानेच वरचढ ठरतो. १९७३ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल’ ही संस्था आमदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी यांना एकत्र बसवून नमुना विधेयके तयार करते, आणि ती थोड्याफार फरकाने अनेक राज्यांत मांडली जातात.

हे उघडकीस आणायचे काम विधिमंडळात रोज बसणाऱ्या वार्ताहराचे. मात्र प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार राज्यांच्या विधिमंडळांचे पूर्णवेळ वार्तांकन करणाऱ्या वृत्तपत्रीय पत्रकारांची संख्या २००३ ते २०१४ या काळात सुमारे ३५ टक्क्यांनी घटली. माध्यमे एखाद्या गटाची बाजू घेतात की नाही, यापेक्षा समितीच्या बैठकीत त्यांची खुर्ची रिकामी असते, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

प्रतिसाद ३

पक्षाची पकड किती घट्ट आहे, यावर दबावगट कोणाचे दार ठोठावतात हे ठरते. नेब्रास्काचे एकच सभागृह आहे, त्यात ४९ सदस्य असून मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापला जात नाही; तेथे प्रत्येक सदस्याचे मन वेगळे वळवावे लागते. याउलट भारतातील राज्यांत १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप (मतदानाबाबतचा पक्षादेश) मोडणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे एकेका आमदाराला पटवण्यात कोणाला फारसा रस उरत नाही आणि सारा भार पक्षनेतृत्वावर येतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मग कायदा थेट मतदारांनीच केला तर हा प्रभाव कमी होत नाही का?

प्रतिसाद २

कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात नेमक्या याच हेतूने मतदारांना थेट कायदा करण्याचा अधिकार दिला. त्या वेळी सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची राज्यावरील पकड सोडवायची होती. पुढे २०२० मध्ये त्याच अधिकाराचा वापर करून ॲपवर चालणाऱ्या वाहतूक व घरपोच सेवा कंपन्यांनी ‘प्रपोझिशन २२’ मतदानाला आणले. चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानावे, असा तो प्रस्ताव होता. त्याच्या प्रचारावर कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, आणि प्रस्ताव संमत झाला.