बेकायदा संपाचं नुकसान कोणी भरायचं?

कोटिंगवाला, रबाळे
रबाळे एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. निम्म्याहून जास्त जॉबवर्क एकाच मोठ्या कारखान्याचं. तिथल्या कामगारांनी नोटीस न देता काम बंद केलं. माझा भरलेला टेम्पो गेटवरून परत आला, चलनावर शिक्का मारायलाही कोणी तयार नव्हतं. कोटिंग झालेली पॅनेलं बबल रॅपमध्ये गुंडाळून माझ्याच शेडमध्ये पडून, ओव्हन थंड. सात तारखेला पोरांचे पगार मात्र द्यावेच लागले, बँकेचा हप्ताही थांबला नाही. त्या भांडणाशी माझा काडीचाही संबंध नव्हता.

संपाचा हक्क मला मान्य आहे. पण नियम मोडून केला तर? जुन्या कायद्यात कामगाराला जास्तीत जास्त 50 रुपये दंड होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो 1,000 ते 10,000 रुपये झालाय, शिवाय महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण दंड सरकारजमा होतो. ज्याचं नुकसान झालं त्याला काय मिळालं? युनियनकडे वर्गणीचा निधी असतो, त्यातून भरपाई मिळालीच पाहिजे.

जुना फिटर, वागळे इस्टेट
शेठ, तुमचं नुकसान खरं, पण दार चुकीचं ठोठावताय. हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने 1976 मध्येच निकाली काढला. बिहारच्या रोहतास इंडस्ट्रीजने बेकायदा संपाबद्दल कामगारांकडून भरपाई मागितली, लवादाने ती मंजूरही केली. पाटणा हायकोर्टाने ते रद्द केलं आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी ते रद्द करणं कायम ठेवलं. कायद्याने बेकायदा संपाला शिक्षा ठरवली आहे, भरपाई ठेवलेली नाही.

त्यामागे कारण आहे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या मालकांनी युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया यांना भरपाईच्या दाव्यात खेचलं होतं. तेव्हा युनियनला कायद्याचं कवचच नव्हतं. आपले कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये केंद्रीय विधिमंडळात हा विषय लावून धरला आणि पुढे 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. औद्योगिक वादात कामगारांना काम थांबवायला लावलं, एवढ्याच कारणावरून नोंदणीकृत युनियनवर दिवाणी दावा लागत नाही. हे संरक्षण नव्या संहितेतही आहे.

आणि संप बेकायदा ठरणं किती सोपं आहे बघा. आता कुठल्याही कारखान्यात 14 दिवसांची नोटीस लागते. नोटीस दिली की समेट अधिकारी, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी माणूस, बैठक लावतो. बैठक झाली की समेट चालू, आणि तो संपल्यावरही 7 दिवस संप बेकायदाच. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संप. मग कायद्यात बसणारा संप करायचा कधी? दहा-बारा जण बिनानोटीस बाहेर राहिले तर आठ दिवसांपर्यंत पगार कापायची तरतूद पगार देण्याबद्दलच्या 1936 च्या कायद्यापासून आहे. आमच्या पगाराच्या पाकिटावर ती कपात लागली की त्या महिन्याचा किराणा उधारीवर यायचा. कामगार किंमत मोजतच असतो.

ऐरोलीकर
मग बंदला वेगळा न्याय का? 30 जुलै 2003 च्या मुंबई बंदबद्दल हायकोर्टाने 2004 मध्ये शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी 20 लाख भरायला सांगितले होते. एसटीचा संप 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. शहापूर-मुरबाडच्या ज्या लोकांना एसटीशिवाय पर्याय नव्हता, त्यांचा खर्च कोणी दिला?

जुना फिटर, वागळे इस्टेट
बंदमध्ये दुसऱ्याचं दुकान दमदाटीने बंद करतात. संपात माणूस स्वतःचं काम थांबवतो आणि स्वतःचाच पगार घालवतो. दोन्ही एका मापाने मोजू नका. मशीन फोडलं, गाडीवर दगड मारला, तर तिथे कसलंही कवच नाही, जरूर वसूल करा. एसटीवाल्यांचे पगार तेव्हा किती होते आणि तेही वेळेवर होत नव्हते, हे पण लक्षात ठेवा.

लेबर कोर्टातली, ठाणे
या सगळ्यात मोठा कारखाना नामानिराळा राहिला. कोटिंगवाले दादा, तुमच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांत बघा. संप, पूर, दंगल एका ओळीत घालून "आमच्या हाताबाहेरची कारणं" म्हणून हात झटकलेले असतात. तिथल्या कामगारांचा पगारवाढीचा करार किती काळ लटकला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? करार मालकाने रखडवायचा आणि फटका जॉबवर्कवाल्याने सोसायचा, हे मला अजिबात पटत नाही.

संपाआधी पोचलेल्या मालाचं बिल मात्र संपाच्या नावाखाली अडवता येत नाही. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या लघुउद्योगांच्या सुविधा परिषदेत अर्ज करा.

कोटिंगवाला, रबाळे
ताई, पर्चेस ऑर्डर काढून वाचली. ती ओळ आहे. पुढच्या ऑर्डरला सही करण्याआधी तयार मालाचे पैसे संपातही द्यायचे, अशी अट मागणार आहे, आणि अडकलेल्या बिलांचा अर्ज तर करतोच.

पण काका, तुमच्याशी मी सहमत नाही. 14 दिवस आधी एक नोटीस गेटवर लागली असती तर मी तो माल कोटिंगला घेतलाच नसता. तुमचा वाद मालकाशी आहे ना, मग नोटीस देण्यात तुमचं काय जातं?

जुना फिटर, वागळे इस्टेट
नोटिशीवर पहिली सही करणाऱ्याची दुसऱ्याच दिवशी बदली होते. कंत्राटी असेल तर त्याला गेटच्या आतही घेत नाहीत. ते थांबवणारा कायदा आणा, नोटीस मी स्वतः लावून घेईन.