न बोलणाऱ्या मुलासाठी मोबाईलवरचं चित्रांचं ॲप: वर्गात अडतंय कुठे?

प्रश्न: अमळनेर तालुका, दुसरीचा वर्ग
मुलाला सगळं समजतं, तोंडी शब्द तीन-चारच. घरी अहिराणी, शाळेत मराठी. चित्र दाबलं की बोलणारं ॲप अँड्रॉइड फोनवर टाकलंय. पण रेंज गेली की आवाज बंद. शिवाय तो सगळी बटणं भराभर दाबत सुटतो, आणि "पाणी दाखव" म्हटलं की फोन बाजूला सारतो. काय करावं?

गिरणाकाठ
ॲप फोनच्याच टेक्स्ट-टू-स्पीचवर (लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय) बोलत असेल तर मराठी आवाज फोनमध्ये डाउनलोड करून घ्या. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टेक्स्ट-टू-स्पीच आउटपुट. तिथे गूगलचं इंजिन निवडा, शेजारच्या चक्रावर जा, व्हॉइस डेटामधून मराठी डाउनलोड करा. सॅमसंगमध्ये हेच जनरल मॅनेजमेंटमध्ये सापडतं. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून एक बटण दाबून बघा. बोलला तर काम झालं. वेग थोडा कमी ठेवा. आणि हा आवाज मीडिया व्हॉल्यूमवर चालतो, रिंगच्या नाही.

विशेष शिक्षक, चोपडा
ताई, भराभर दाबणं हा बोबड्या बोलांसारखाच टप्पा आहे, फोन हिसकावू नका. ॲपमधून बाहेर पडत असेल तर ॲप पिनिंग (फोन त्या एकाच ॲपवर अडकवून ठेवणारी सोय) चालू करा. हात थरथरत असेल तर गोष्ट वेगळी: सॅमसंगमध्ये टॅप ड्युरेशन अर्ध्या सेकंदावर ठेवा, म्हणजे ओझरता स्पर्श मोजला जात नाही. एप्रिल-मेमध्ये घामाचं बोट काचेवर भलतंच बटण दाबतं, म्हणून सुती फडकं जवळ हवंच. उन्हात तापलेला फोन उजेड आपोआप कमी करतो, खिडकीतून काढा.

"पाणी दाखव" मात्र आजपासून बंद करा. ती परीक्षा झाली, आणि परीक्षेत कोण गप्पा मारतं? आपण बोलताना आपणच चित्रं दाबायची. खिचडी वाढताना "अजून" दाबा, ताट उचलताना "संपलं". मग मनात दहापर्यंत मोजून थांबा. तो लगेच दाबणार नाही, कदाचित कित्येक आठवडे नाही. आधी नको, अजून, मदत, थांब, संपलं हे शब्द द्या. फळांची नावं नंतर. त्याने "नको" दाबलं की ते मानायचंच, नाहीतर बटणावरचा विश्वास उडतो. चित्रांच्या जागा बदलू नका, बोटाला वाट पाठ होते.

तापी_१९
अहिराणीचं सोडू नका. बटणाला आवाज भरायची सोय असेल तर घरच्या पानावर त्याच्याच वयाच्या मुलाकडून "माले पानी जोयजे" म्हणवून घ्या. सोय नसेल तर तेच देवनागरीत टाइप करा, मराठी आवाज बऱ्यापैकी वाचतो. मुख्य पानाचा स्क्रीनशॉट एफोरवर छापून लॅमिनेट करा. लाइट गेली, बॅटरी संपली तरी बोलणं थांबायला नको. ॲप बदलायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेलं जेलो फुकट आहे, त्यात मराठीही आहे.

प्रश्नकर्ती
हात थोडा थरथरतो खरा. टॅप ड्युरेशन वाढवूनही शेजारचं बटण लागतंय.

विशेष शिक्षक, चोपडा
मग कीगार्ड, म्हणजे पडद्यावर बसवायची भोकांची पट्टी, करा. स्क्रीनशॉट खऱ्या मापात छापून पाट्या बनवणाऱ्याकडे न्या, ३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिकवर लेझरने भोकं पाडून मिळतात. भोक बटणापेक्षा किंचित लहान, कडा घासून गुळगुळीत. हात ॲक्रिलिकवर टेकवला तरी काहीच दाबलं जात नाही, फक्त भोकातलं बोट लागतं. बसवायला चारही कोपऱ्यांना वेल्क्रो. मात्र ॲपमध्ये एका पानावर किती चित्रं हे आधी कायम करा. नंतर संख्या बदलली की भोकं जुळत नाहीत.